एम.ए. इन आयआर : स्कोप आहे का हो मॅडम?

या वेळी मेलबॉक्स उघडला तर निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची, इंटरनॅशनल रिलेशन्समध्ये, म्हणजे आयआर किंवा आंतरराष्ट्रीय संबंधांत, एम.ए. करू का नको. कुठे युद्ध पेटलं की हे प्रश्न वाढतात हे आता मला पाठ झालंय, त्यात वाईट काही नाही, फक्त बऱ्याच जणांना वाटतं की हा कोर्स म्हणजे रात्री नऊच्या चर्चेचं दोन वर्षं चालणारं व्हर्जन असणार, तसं ते अजिबात नसतं. पाच पत्रं घेतलीत, नावं छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न (निफाड तालुका) : मॅडम नमस्कार. मी टी.वाय.बी.ए.ला आहे, राज्यशास्त्र स्पेशल, मराठी मीडियम. घरी कांदा आणि थोडी द्राक्षं. मला एम.ए. इंटरनॅशनल रिलेशन्स करायचंय पण आमचे सर म्हणतात ते दिल्लीच्या इंग्लिश मीडियमवाल्या पोरांचं काम, आपल्याकडे स्कोप नाही, गुपचूप बी.एड. कर. घरचेही तेच म्हणतात. शिकवतात नेमकं काय, ॲडमिशन कुठे घेऊ आणि इंग्लिश झेपेल का?

उत्तर : सरांचं अर्धं बरोबर आहे. बी.एड. केलं की शाळा, असा सरळ रस्ता इथे नाही. पण दिल्लीच्या पोरांचं काम वगैरे मला पटत नाही, आणि तू तर कांद्याच्या घरातला, तुझ्या बाजार समितीत जेवढं आयआर घडतंय तेवढं दिल्लीच्या हॉस्टेलवर बसून कुणाला दिसत नाही. कसं ते सांगते.

७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, आधी ३१ मार्चपर्यंत म्हणाले आणि मग मुदत वाढवली, हे तुझ्या घरी कुणी विसरलं नसेल. आता ती डीजीएफटीची, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाची, अधिसूचना शोधून काढ आणि शेवटपर्यंत वाच, फार मोठी नाहीये. वर लिहिलंय की कांदा आजवर निर्यातीला मोकळा होता तो आता बंद. आणि खाली अपवादांमध्ये एक ओळ आहे, एखाद्या देशाने विनंती केली आणि भारत सरकारने परवानगी दिली तर त्या देशाला कांदा पाठवता येईल. लिलावात सगळे वरच्या ओळीवर भडकले, आणि भडकणारच, पण आयआरवाल्याने वाचायची ती खालची ओळ. कारण आता कांदा कुठे जाणार हे भावावर ठरणार नव्हतं, कुठल्या देशाने मागितला आणि दिल्लीने कुणाला हो म्हटलं यावर ठरणार होतं. एप्रिल २०२४ मध्ये सरकारने आकडा सांगितला, ९९,१५० टन, सहा देशांना : बांगलादेश, यूएई, भूतान, बहरीन, श्रीलंका, मॉरिशस. हेच सहा का? यातला शेजारी कोण, कुणाकडे आपली लाखो माणसं कामाला आहेत, कुणाच्या बाजूच्या समुद्रावर आपली नजर आहे, हे एकेक करून लिहायला लागलास की तुझा पहिल्या सेमिस्टरचा पेपर अर्धा झालाच म्हणून समज.

आणि यातलं बांगलादेशाचं प्रकरण तर स्वतंत्र डिझर्टेशनचं आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये आपण अशीच बंदी घातली, तिकडे भाव एवढे भडकले की त्यांना पुढे विमानाने कांदा आणावा लागला, आणि ऑक्टोबरमध्ये शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा भर कार्यक्रमात हिंदीत म्हणाल्या की मी स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हणून सांगितलंय, निदान आधी कळवायचं तरी होतं. सगळे हसले. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपण पुन्हा न सांगता बंदी घातली आणि या वेळी ढाक्याहून रीतसर नाराजीचं पत्र आलं. आता यात परराष्ट्र धोरण चुकलं का, तर बघ, १९८८ मध्ये रॉबर्ट पुटनम या अमेरिकन अभ्यासकाने मांडलं होतं की नेता एकाच वेळी दोन टेबलांवर खेळत असतो, एका टेबलाला बाहेरचे देश बसलेले आणि दुसऱ्याला घरचे मतदार, आणि एकीकडे जिंकणारी चाल दुसरीकडे अंगलट येऊ शकते. टू-लेव्हल गेम म्हणतात त्याला. हे सगळीकडे व्यापार करार, शस्त्रकपात असल्या उदाहरणांनी शिकवतात. तुझ्याकडे कांदा आहे. दिल्लीच्या गिऱ्हाइकाला तो महाग नको, निफाडला स्वस्त नको आणि ढाक्याला तुटवडा नको, तिन्ही कसं जमवणार? त्यात एप्रिल २०२४ मध्ये २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी दिली, तो मुख्यतः गुजरातचा, मग नाशकात किती संताप झाला ते तू पाहिलंयस. ४ मेला बंदी उठली पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि वर ४० टक्के शुल्क लावून, २० मेला तुमच्या दिंडोरी मतदारसंघात लोकसभेचं मतदान झालं आणि तेव्हा केंद्रात राज्यमंत्री असलेल्या उमेदवार पडल्या. (कांद्यानेच पडल्या असं एका वाक्यात लिहिलंस तर तुझा गाइड मार्क कापेल, आणि बरोबरच करेल. बाकीची कारणं वेगळी काढून दाखवावी लागतात.)

तर कोर्समध्ये शिकवतात ते हे. पहिल्या सेमिस्टरला थिअरी असते आणि तिथेच निम्मा वर्ग कंटाळतो. देशांच्या डोक्यावर कुणी पोलीस नाही, मग ते असे का वागतात, या एका प्रश्नावर वास्तववादी, उदारमतवादी, रचनावादी असे गट एकमेकांशी भांडत असतात आणि तुला सगळ्यांचं वाचायचं असतं. मग आंतरराष्ट्रीय कायदा, संयुक्त राष्ट्रं वगैरे संस्था, जागतिक अर्थकारण, भारताचं परराष्ट्र धोरण, आणि एखादा प्रदेश. कौटिल्याचं मंडल, म्हणजे शेजारी राजांमधले शत्रू-मित्र मांडायची त्याची पद्धत, ते पण येतं, आणि ज्या अर्थशास्त्रावरून ते शिकवतात त्याची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी १९६० च्या दशकात तयार केली, हे दिल्लीत कुणी मुद्दाम सांगणार नाही म्हणून मी सांगून ठेवते. युद्ध कोण जिंकणार हे मात्र कुणी विचारत नाही. ज्यांना तेच हवं असतं ते दिवाळीपर्यंत गळतात.

आता ॲडमिशन. पहिलं नाव जेएनयूच, तिथलं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज १९५५ मध्ये दिल्लीतल्या सप्रू हाऊसला वेगळी संस्था म्हणून सुरू झालं आणि १९७० मध्ये जेएनयूत आलं. ट्यूशन फी वर्षाला काही शे रुपये, मेस आणि दिल्लीचा खर्च वेगळा. प्रवेश सीयूईटी-पीजी या देशभरातल्या सामाईक प्रवेश परीक्षेने, सध्या ७५ प्रश्न, ९० मिनिटं, बरोबरला चार, चुकलं की वजा एक, पेपर इंग्लिश आणि हिंदीत, मराठीत नाही, हे आत्ताच लक्षात घे. त्याच परीक्षेवर पाँडिचेरी, केरळ आणि गुजरातचं केंद्रीय विद्यापीठ पण मिळतं, कुठल्या कोर्सला कुठला पेपर लागतो ते ज्याच्या त्याच्या माहितीपत्रकात बघ, दरवर्षी मुलं चुकीचा पेपर निवडून बसतात आणि मग मला मेल करतात. कोलकात्याला जादवपूरचा विभाग १९५६ चा, या विषयात देशातला सगळ्यात जुना, आणि पोरं खरंच वाचणारी. दिल्लीतलंच साउथ एशियन युनिव्हर्सिटी सार्क देशांनी मिळून काढलंय, तिथे बाकावर शेजारी नेपाळचा, मागे बांगलादेशचा, कांद्याचा विषय तिथे काढून बघच एकदा. पुण्यात विद्यापीठाचा संरक्षण आणि सामरिकशास्त्र विभाग आहे, दिल्लीला जायचं नसेल तर तो चांगला पर्याय, भर सुरक्षेवर जास्त. खाजगीत पुण्याचं सिम्बायोसिस, मणिपाल, सोनीपतचं जिंदाल, शिकवतात व्यवस्थित पण फी बघून घरी सांगायची हिंमत होणार नाही अशी.

इंग्लिश. झेपेल, पण पहिले सहा महिने हाल होतील. बोलायचं टेन्शन सगळे घेतात, खरी अडचण वाचायची असते, आठवड्याला एकेका विषयाचे साठ-सत्तर पानांचे लेख, आणि लेखक मुद्दा पहिल्या पानावर सांगेलच असं नाही. आत्तापासून रोज एका इंग्लिश पेपरचं एडिटोरियल वाचून मराठीत चार ओळीत लिहायचं की हा माणूस म्हणतोय काय आणि कुणाच्या विरोधात म्हणतोय. स्पोकन इंग्लिशच्या क्लासला पैसे घालू नको. घरी काय सांगायचं ते सांग, पण बी.एड. नंतरही करता येतं, हे त्यांना नक्की सांग.

प्रश्न (इचलकरंजी) : मुलगा बी.ए. झाला, इंटरनॅशनल रिलेशन्ससाठी लंडनला जायचं म्हणतो. एजंट म्हणतो एक वर्षाचा कोर्स, नंतर तिकडेच नोकरी. चाळीस लाख कर्ज काढावं लागेल, त्यासाठी लूमचा शेड तारण ठेवायचा विचार आहे. काय करावं?

उत्तर : काका, शेड ठेवू नका. एवढं वाचून पान उलटलंत तरी चालेल, पण कारण सांगते.

तिकडे शिक्षण चांगलं आहे यात वाद नाही, जगातला या विषयाचा पहिला विभागच ब्रिटनमध्ये, वेल्समधल्या ॲबरिस्टविथला १९१९ मध्ये सुरू झाला. प्रश्न पैसे परत कसे येणार हा आहे. फी वीस ते तीस हजार पौंड, त्यावर लंडनचं भाडं. शिकून झाल्यावर राहायला जो ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो तो आजवर दोन वर्षांचा होता, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना तो दीडच वर्षाचा मिळणार आहे. आणि एजंट जे सांगत नाही ते हे, की या विषयातल्या ज्या नोकऱ्या ऐकायला भारी वाटतात, परराष्ट्र खातं, संरक्षण, गुप्तचर, त्या प्रत्येक देश आपल्याच नागरिकाला देतो. कॉम्प्युटरवाल्या मुलाला कंपनी स्पॉन्सर करते, पंचवीस वर्षांच्या परदेशी आयआरवाल्याला करेल अशी कंपनी शोधावी लागते. अमेरिकेतही तेच, इंजिनिअरिंगसारख्या विषयांना शिकल्यावर कामाची एक वर्षाची परवानगी वर दोन वर्षं वाढते, आयआरच्या साध्या डिग्रीला सहसा वाढत नाही. यूएनचं नाव घेत असेल तर सांगा, यूएन सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारी असते आणि जिनिव्हात खोलीभाडं स्वतःच भरायचं असतं.

मग काय करावं, तर एम.ए. इथे, सरकारी विद्यापीठात, कमी पैशात करू दे. दोन वर्षं कुठेतरी काम करू दे. मग चिव्हनिंगला अर्ज करता येतो, ती ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती, पूर्ण खर्च देते, तिला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतोच आणि नंतर दोन वर्षं भारतात परत यावं लागतं. युरोपात इरास्मस मुंडस ही शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातीतले असाल तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिचे निकष अधूनमधून बदलतात, चालू वर्षाचा जीआर काढूनच अर्ज भरा. यातलं काही मिळालं तर ढोल वाजवून पाठवा. मुलगा रुसेल. पंचविसाव्या वर्षी स्कॉलरशिपवर गेलेला मुलगा एकविसाव्या वर्षी कर्जावर गेलेल्यापेक्षा तिथे जास्त शिकतो असं माझं निरीक्षण आहे, त्याला माहीत असतं आपण का आलोय.

प्रश्न (लातूर) : आयएफएस व्हायचंय. त्यासाठी एम.ए. आयआर केलेलं चांगलं का?

उत्तर : त्यासाठी गरज नाही. आयएफएस, म्हणजे परराष्ट्र सेवा, यूपीएससीच्या त्याच सिव्हिल सर्व्हिसेस परीक्षेतून मिळते, कुठलीही पदवी चालते, आणि तिथे डॉक्टर, इंजिनिअर भरपूर आहेत. हो, जयशंकर जेएनयूत आयआरमध्ये पीएच.डी. आहेत, हे सगळेच सांगतात, पण त्यावरून तुझं काही ठरत नाही. पीएसआयआर, म्हणजे राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध, हा ऑप्शनल घेणार असशील तर एम.ए.चा दुसऱ्या पेपरला चांगला उपयोग होतो, ऑप्शनलचे ५०० मार्क मेन्सच्या १७५० मधले, म्हणजे अगदीच थोडे नाहीत. पण ओपनला वय ३२ आणि सहा अटेम्प्ट (ओबीसीला ३५ आणि नऊ), त्यातली दोन वर्षं एम.ए.ला देणार असशील तर एम.ए. मनापासून करायचं, नाहीतर हॉस्टेलची खोली मिळावी म्हणून ॲडमिशन घेतलेली पोरं दिल्लीत ढीगभर आहेत आणि त्यांचं दोन्ही अर्धवट राहतं.

प्रश्न (हिंजवडी) : मी सहा वर्षं चिप डिझाइनमध्ये आहे. जिओपॉलिटिक्सचे पॉडकास्ट ऐकून वेड लागलंय, नोकरी सोडून फुल टाइम मास्टर्स करावं वाटतं. वय २९. वेडेपणा आहे का?

उत्तर : नोकरी सोडणं हा वेडेपणा, बाकी नाही. अरे, ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने चीनला प्रगत चिप आणि त्या बनवायची यंत्रं विकण्यावर बंधनं घातली तेव्हापासून सगळ्या थिंक टँकना, म्हणजे धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थांना, असा माणूस हवाय ज्याला लिथोग्राफी म्हणजे काय हे गुगल न करता कळतं. नेदरलँड्समधली एएसएमएल ही एकच कंपनी ईयूव्ही लिथोग्राफीची, म्हणजे प्रकाशाने चिपवर अतिबारीक नक्षी उमटवायची, यंत्रं बनवते आणि म्हणून एवढ्याशा देशावर वॉशिंग्टनहून दबाव येतो, हे आमच्या विषयातली मुलं पाठ करतात, तू ते समजून सांगू शकशील. तुला डिग्रीपेक्षा लिहायची सवय लागणार. बंगळुरूच्या तक्षशिला इन्स्टिट्यूशनचे नोकरी सांभाळून करायचे कोर्स आहेत, इग्नूचं राज्यशास्त्राचं एम.ए. घरबसल्या होतं. एखाद्या निर्यातबंदीवर हजार शब्द लिही आणि कुणाला तरी पाठव, नाकारलं तर परत लिही. थिंक टँकचे पगार मात्र विचारू नकोस, तुझ्या आत्ताच्या सॅलरी स्लिपशेजारी ठेवलेस तर पॉडकास्ट ऐकणंच बरं वाटेल.

प्रश्न (नांदेड) : माझं एम.ए. आयआर झालंय. नेट कुठल्या विषयातून देऊ? सीनियर कॉलेजला लागायचंय.

उत्तर : नेटमध्ये, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेत, राज्यशास्त्र वेगळा विषय, आंतरराष्ट्रीय आणि क्षेत्र अभ्यास वेगळा, संरक्षण आणि सामरिक अभ्यास वेगळा. आयआरची मुलं नेहमी यातला दुसरा घेतात कारण सिलॅबस ओळखीचा वाटतो. पण तुला महाराष्ट्रातल्या कॉलेजात लागायचंय ना, मग तिथे जाहिरात निघते ती राज्यशास्त्राची, आयआर नावाची जागा आपल्याकडच्या साध्या कॉलेजात जवळपास नसतेच. म्हणून माझं मत राज्यशास्त्र, जड पडलं तरी, आणि सोबत सेट, म्हणजे राज्याची तशीच परीक्षा, ती पण राज्यशास्त्रातून दे. भारतीय राजकीय विचार आणि लोकप्रशासन तुझं कच्चं असणार, एम.ए.ला झालेलं नसतं, तिथून सुरुवात कर. तुझी डिग्री त्या पदासाठी संबंधित विषय धरतात का हे अर्ज करण्याआधी विद्यापीठाकडून लेखी विचारून घे, तोंडी नको, इंटरव्ह्यूच्या दिवशी फाइल बाजूला ठेवलेली मी पाहिलीय. वय तिशीच्या आत असेल तर जेआरएफचाच, म्हणजे नेटमधूनच मिळणाऱ्या संशोधन फेलोशिपचाच, कटऑफ डोळ्यासमोर ठेव, महिना ३७,००० आणि वर घरभाडं मिळतं, पीएच.डी. करताना घरी हात पसरावा लागत नाही.

आणि तू पत्राच्या शेवटी भाषेचं विचारलंयस, फ्रेंच शिकू का म्हणून. फ्रेंच सगळेच शिकतात. पीएच.डी.ला आफ्रिका घेणार असशील तर पोर्तुगीजचा विचार कर, गोवा विद्यापीठात पोर्तुगीज पण आहे आणि इंटरनॅशनल स्टडीज पण. मराठवाड्यात तुरीचा भाव पडला की सगळे आयातीला शिव्या देतात, त्या आयातीतली बरीचशी तूर मोझांबिकची, २०१६ मध्ये आपण त्यांच्याशी तूर घ्यायचा करार केला आणि नंतर वर्षाला दोन लाख टनांवर ठरला. तिथल्या शेतकऱ्याला तो करार कसा वाटतो हे मराठीत कुणी लिहिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही, आणि तिकडचे पेपर पोर्तुगीजमध्ये निघतात.